एएस/४०० वर सशर्त ब्रेकपॉइंट: हजारो रेकॉर्डमधून नेमक्या एका रेकॉर्डवर थांबण्याची रीत

बडोद्याला मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका वितरकाकडे काही वर्षांपूर्वी एक दोष समोर आला. रात्रीच्या बॅचमध्ये (एकगठ्ठा आपोआप चालणाऱ्या कामात) तयार झालेल्या सुमारे अठरा हजार बिल-ओळींपैकी एकाच ओळीवर, सवलत मुळीच लागू नसलेल्या ग्राहकाला साडेबारा टक्के सवलत मिळाली होती. माझ्याबरोबर काम करणाऱ्या नव्या मुलीने हिशेबाच्या ओळीवर साधा ब्रेकपॉइंट (प्रोग्राम जिथे थांबवायचा ती खूण) लावला आणि ती प्रत्येक थांब्यानंतर पुढे जाण्यासाठी एफ १२ दाबत बसली. शंभरेक रेकॉर्ड झाल्यावर तिने विचारले, "सर, हे असे अठरा हजार वेळा दाबायचे का?" तिला तेव्हा जे शिकवले, ते येथे सविस्तर मांडतो. कमांड येथे देवनागरीत लिहिल्या असल्या, तरी पडद्यावर त्या रोमन अक्षरांतच द्यायच्या आहेत.

आयबीएमने १९८८ मध्ये जाहीर केलेल्या एएस/४०० या व्यावसायिक संगणकाची प्रणाली आज आयबीएम आय या नावाने पॉवर सर्व्हरवर चालते, आणि त्यावरील आरपीजी या भाषेतील प्रोग्रामसाठी सोर्स डीबगर (प्रोग्राम ओळीओळीने थांबवून तपासण्याचे साधन) यंत्रणेतच असतो. मात्र त्यासाठी प्रोग्राम योग्य रीतीने कंपाइल (लिहिलेल्या सोर्सपासून चालवता येईल अशा रूपात तयार) झालेला हवा. डीबीजीव्ह्यू या पॅरामीटरला स्टार सोर्स किंवा स्टार लिस्ट हे मूल्य द्यावे (स्टार म्हणजे * हे चिन्ह). मी स्वतः स्टार लिस्ट पसंत करतो, कारण त्यात लिस्टिंग (कंपाइलच्या वेळची सोर्सची प्रत) ऑब्जेक्टमध्येच, म्हणजे तयार प्रोग्राममध्येच, साठवली जाते आणि नंतर कोणी सोर्स मेंबर बदलला, तरी डीबगरमध्ये दिसणारी ओळ आणि प्रत्यक्ष चालणारी ओळ यांत तफावत पडत नाही. ऑप्टिमायझेशन (वेगासाठी कंपाइलर करतो ते फेरबदल) स्टार नन ठेवावे, अन्यथा व्हेरिएबलचे दिसणारे मूल्य त्या क्षणीचे असेलच याची खात्री नसते.

यानंतर एसटीआरडीबीजी कमांडने प्रोग्राम डीबगमध्ये घ्यावा. यूपीडीप्रॉड हा पॅरामीटर मुळात स्टार नो असतो; तो तसाच राहू द्यावा, म्हणजे प्रॉडक्शन प्रकारच्या (प्रत्यक्ष कामकाजाच्या) लायब्ररीतील फाइली चुकून बदलल्या जाणार नाहीत. चाचणीसाठी लागणारा डेटा वेगळ्या टेस्ट लायब्ररीत उतरवून घ्यावा. सोर्सचा पडदा उघडला की खालच्या कमांड ओळीवर अट अशी द्यावी:

ब्रेक १२७ व्हेन ओआरडीएनओ = ७०४३१८

म्हणजे ऑर्डर क्रमांक ७०४३१८ असेल तेव्हाच १२७ व्या ओळीवर थांब, एरवी पुढे जा. हीच अट एफ १३ दाबून उघडणाऱ्या ब्रेकपॉइंटांच्या यादीतही लिहिता येते. अक्षरी फील्ड असेल तर मूल्य एकेरी अवतरणात द्यावे. फील्डच्या एखाद्याच भागावर अट हवी असल्यास सबस्ट्रिंगचे फंक्शन वापरता येते. परंतु डीबगरमध्ये त्याच्या कंसात फील्ड, सुरुवातीची जागा आणि लांबी यांच्यामध्ये नुसती मोकळी जागा सोडायची असते, आरपीजीतल्याप्रमाणे अपूर्णविराम (कोलन) नाही. ही बाब लक्षात न राहिल्याने अनेकांचा वेळ जातो.

आता खरा मुद्दा. अट बरोबर असूनही बहुतेकांचे चुकते ते ओळ निवडण्यात. डीबगर एखाद्या ओळीवर थांबतो तेव्हा ती ओळ अजून चाललेली नसते, आणि अटही तिच्या अंमलबजावणीपूर्वीच तपासली जाते. आमच्या प्रोग्राममध्ये ११८ व्या ओळीवर रीड (पुढचे रेकॉर्ड वाचणे) होते, १२६ व्या ओळीवर सवलतीच्या फाइलवर चेन (ठरावीक रेकॉर्ड शोधून वाचणे) होते आणि १२७ व्या ओळीवर बिलाचा हिशेब होता. वरची अट ११८ व्या ओळीवर लावली असती, तर त्या क्षणी ऑर्डर क्रमांकात आधीच्या रेकॉर्डचेच मूल्य असते. साहजिकच ७०४३१८ चा सगळा हिशेब उरकून प्रोग्राम पुढचे रेकॉर्ड वाचायला आल्यावरच तो थांबला असता. १२६ व्या ओळीवर लावली असती, तर रेकॉर्ड योग्य मिळाले असते, पण चेनचा परिणाम दिसला नसता. म्हणून अट लिहिण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: मला जे मूल्य पाहायचे आहे, ते कोणत्या ओळीने भरले जाते? ब्रेकपॉइंट त्या ओळीच्या पुढच्या अंमलात येणाऱ्या ओळीवर लावावा.

१२७ व्या ओळीवर थांबल्यावर सवलतीच्या फील्डवर कर्सर नेऊन एफ ११ दाबले, तेव्हा मूल्य १२.५० दिसले, आणि सवलतीच्या फाइलमध्ये तर त्या ग्राहकाचे रेकॉर्डच नव्हते. आरपीजीत चेनला रेकॉर्ड सापडले नाही तर फील्ड आपोआप रिकामी होत नाहीत. आधीच्या यशस्वी वाचनातील मूल्य तसेच टिकून राहते. आमच्या बिलात आधीच्या ग्राहकाची सवलत उतरली होती ती अशी. रेकॉर्ड सापडले का हे चेननंतर तपासून, न सापडल्यास फील्ड शून्य करणे एवढाच उपाय होता.

फाइलमधले जे फील्ड प्रोग्राममध्ये कोठेही वापरलेले नाही, त्याच्यावर अट लावायची असल्यास आणखी एक काळजी घ्यावी लागते. असे फील्ड कंपाइलर सहसा भरतच नाही, त्यामुळे अट कधीच खरी ठरत नाही आणि दोष डीबगरचा वाटतो. कंट्रोल ओळीत (सोर्सच्या सुरुवातीच्या सूचनांच्या ओळीत) डीबग हा कीवर्ड स्टार इनपुट या मूल्यासह देऊन प्रोग्राम पुन्हा कंपाइल केला की अशी फील्डही भरली जातात.

मूल्य कोठे बदलते हेच ठाऊक नसेल, तर सशर्त ब्रेकपॉइंटपेक्षा वॉच उपयोगी पडतो. एफ १७ ने तो लावला की व्हेरिएबलचे मूल्य बदलताक्षणी प्रोग्राम थांबतो. जुन्या, मूळ पद्धतीच्या प्रोग्रामसाठी एडीडीबीकेपी कमांड आहे, आणि तिच्यात अटीबरोबरच ठरावीक वेळा त्या ओळीवर न थांबता पुढे जाण्याचीही सोय आहे.

रात्रीच्या बॅचचा दोष पडद्यावर चालवून सापडत नसेल, तर काम एसबीएमजॉबने होल्डवर (सुरू न करता रोखून) पाठवावे, एसटीआरएसआरव्हीजॉबने ते सेवेखाली (आपल्या टर्मिनलवरून तपासता येईल असे) घ्यावे, एसटीआरडीबीजी द्यावी आणि मगच आरएलएसजॉबने काम सोडावे. काम सुरू झाल्याचा पडदा आपल्या टर्मिनलवर येताच एफ १० ने कमांड ओळीवर जाऊन डीएसपीएमओडीएसआरसीने सोर्स उघडावा, ब्रेकपॉइंट लावावा आणि परत येऊन एंटर दाबावे. घाईने आधीच एंटर दाबले, तर हवे असलेले रेकॉर्ड निघून गेलेले असते.

काम झाल्यावर आधी ईएनडीडीबीजी आणि नंतर ईएनडीएसआरव्हीजॉब द्यावी. पहिली कमांड विसरल्याने सत्र डीबगमध्येच राहिले आणि यूपीडीप्रॉड स्टार नो असल्यामुळे दुपारी त्याच टर्मिनलवरून प्रॉडक्शन फाइल अपडेटसाठी उघडेना, असे माझ्या हातून दोनदा झाले आहे; दोन्ही वेळा मी अर्धा तास ऑथॉरिटी (फाइल वापरण्याची परवानगी) तपासत बसलो होतो.