मुलांना घेऊन सिंहगड पायी चढताना

सात-आठ वर्षांचं मूल आतकरवाडीच्या पायवाटेने गड चढू शकतं, फक्त उन्हाआधी निघायला हवं. सहा-साडेसहाला पायथ्याशी पोचा. पुण्यात स्वारगेटहून पीएमपीची (शहर बससेवेची) बस पायथ्यापर्यंत जाते. रविवारी गर्दी एवढी असते की शनिवार बरा.

चढ साधारण सहाशे मीटरचा आहे. मोठ्यांना तास-सव्वा तास लागतो, मुलांसोबत दोन तास धरा. हमखास चूक म्हणजे मुलं सुरुवातीला पळत सुटतात आणि अर्ध्या वाटेत ‘पाय दुखतात’ सुरू होतं. म्हणून पहिली वीस मिनिटं मोठ्यांपैकी एकाने पुढे राहून चाल मुद्दाम संथ ठेवावी, दुसऱ्याने शेवटी चालावं. माणशी एक लिटर पाणी घ्या आणि तहान लागायची वाट न पाहता घोटघोट पीत राहा. वाटेत ताक, लिंबू सरबत मिळतं. पोटभर खाणं मात्र वर गेल्यावरच. पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही सोडू नका!

घसरण्याची भीती चढण्यापेक्षा उतरताना जास्त. सुट्या मुरमावर झिजलेल्या तळाचे बूट टिकत नाहीत. गुडघे किंचित वाकवून, पाय आडवा टाकत उतरायला शिकवा. मुलं दमली असतील तर हट्ट नको, गडावरच्या वाहनतळावरून जीपने खाली या.

जोराच्या पावसात पायवाट टाळा. कल्याण दरवाजा आणि तानाजी मालुसऱ्यांची समाधी पाहायला वर तासभर हाताशी ठेवा.