एसी पाणी शिंपडतोय? आधी फिनवर फवारा मारून बघा

गेल्या पावसाळ्यात मालवणात एका घरी स्प्लिट एसी थेट गादीवर पाणी उडवत होता. पाणी बाहेर नेणारा ड्रेन मोकळा, पाणी साठणारा ट्रे स्वच्छ, लेव्हलही बरोबर. मग आतल्या कॉइलवर, म्हणजे हवा थंड करणाऱ्या नळ्या-पात्यांच्या जाळीवर, साध्या पाण्याचा फवारा मारला, तर अळूच्या पानावर राहतात तसे गोल थेंब उभे राहिले. दोष तिथेच होता.

खोलीत 25 अंश तापमान आणि 60 टक्के आर्द्रता असेल, तर साधारण 17 अंशांखालच्या पृष्ठभागावर दव धरतं. चालू कॉइल त्याहून बरीच थंड असते. म्हणून तिच्या ॲल्युमिनियमच्या फिनांवर (पातळ पात्यांवर) पाणी पसरवणारा लेप देतात. पाण्याचा पातळ थर होऊन तो ट्रेमध्ये ओघळतो. लेप गेला किंवा त्यावर फोडणीचा तेलकट धूर बसला, की थेंब दोन फिनांच्या फटीत अडकतात. हवेची वाट अरुंद होते आणि ब्लोअर (आतला पंखा) ते थेंब खोलीत फेकतो.

तपासायचं असं. अर्धा तास नुसता फॅन चालवून कॉइल सुकवा. एसीचा एमसीबी (बोर्डावरचा विजेचा स्विच) बंद करा, फिल्टर काढा. वायरिंगची बाजू सोडून तीन-चार जागी बारीक फवारा मारा. पाणी पसरलं तर लेप शाबूत आहे. थेंब राहिले तर सौम्य, न्यूट्रल क्लीनरने धुवा आणि भरपूर पाण्याने खळबळून काढा. इथे घाई नको: फिनवर साबण उरला, तर त्यानेच पाणी पसरतं आणि आपण फसतो. मी दोन दिवस एसी चालवून मगच पुन्हा फवारा मारतो. तेव्हाही थेंब दिसले, तर लेप गेला असं समजा.

ॲसिड किंवा कॉस्टिकने कॉइल कधीही धुऊ नका, लेपाबरोबर ॲल्युमिनियमही खातं. चकाकीसाठी सिलिकॉनचा स्प्रे तर मुळीच नको, त्याने पाण्याचे आणखीच थेंब होतात.

फिन निळे दिसले म्हणजे पाणी पसरवणारा लेप आहेच, असं मात्र समजू नका. बाहेरच्या युनिटचा निळा लेप मुख्यतः खाऱ्या हवेपासून बचावासाठी असतो. कूलिंग करताना ती कॉइल गरम असते, तिथे दव धरत नाही.

मालवणच्या त्या कॉइलला आधी कोणीतरी ॲसिड मारलं होतं. धुऊनही खालच्या चार बोटं पट्ट्यात थेंब राहिलेच. फॅन लो वर ठेवल्यावर शिंपडणं थांबलं. कॉइल दिवाळीनंतर बदलली.