मिर-१६ गेला कुठे?

नेट-जेआरएफ होऊन लॅबमध्ये आले आणि मायक्रोआरएनएचा, म्हणजे इतर जीन्सना आवर घालणाऱ्या इवल्याशा आरएनएंचा, विषय मिळाला. तेव्हा गाईडनी हातात ठेवलेला पहिला पेपर आता मी नव्याने येणाऱ्यांना देते. २००२ सालचा, कॅलिन आणि क्रोचे यांच्या गटाचा. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या साधारण निम्म्या रुग्णांत १३व्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो. तिथे ट्यूमर सप्रेसर, म्हणजे कर्करोग रोखणारा जीन, असणार म्हणून बरीच वर्षं शोधाशोध झाली, पण प्रथिन बनवणारा नेमका जीन हाती लागेना. सापडले ते मिर-१५ए आणि मिर-१६-१ हे मायक्रोआरएनए (‘मिर’ हे त्यांचंच छोटं नाव), जेमतेम २२ न्यूक्लिओटाइडांचे. पुढे २००५ मध्ये कळलं की हे दोघं बीसीएल-२ या प्रथिनाच्या एमआरएनएला (जीनचा निरोप नेणाऱ्या आरएनएला) चिकटून ते प्रथिन बनू देत नाहीत. बीसीएल-२ पेशीला मरू देत नाही. त्याला आवरणारेच गेले, की ज्या पेशींनी मरायला हवं त्या साचत राहतात. नॉन-कोडिंग, म्हणजे प्रथिन न बनवणारा, आरएनए कर्करोगात नेमकं काय करतो, हे समजून घ्यायला मला अजून याहून स्वच्छ उदाहरण मिळालेलं नाही. हॉटेअर, मॅलॅट-१ यांसारखे लांबलचक आरएनए नंतर वाचा. त्यांच्या कामाच्या तऱ्हा अनेक आहेत, सुरुवातीलाच गोंधळ उडतो.

आता बेंचवरचं. सहाव्या महिन्यात क्यूपीसीआरवर (आरएनए मोजण्याच्या चाचणीत) नॉर्मल पेशींपेक्षा माझ्या कॅन्सर पेशींत मिर-१६ पाच सायकल उशिरा दिसला. एक सायकल म्हणजे दुप्पट, म्हणजे जवळजवळ ३२ पटींनी कमी! जेलवर २८एस आणि १८एस या मोठ्या रायबोसोमल आरएनएंचे पट्टे सुरेख, शुद्धता सांगणारं २६०/२८० चं गुणोत्तर २.०. रात्रभर झोप लागली नाही, इतका आनंद. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

लॅब मीटिंगमध्ये एका सीनिअर ताईंनी एवढंच विचारलं, “दोन्ही आरएनए एकाच पद्धतीने काढलेस का?” नव्हते काढले. नॉर्मल पेशींचा आरएनए फ्रीझरमधला, ट्रायझॉल या द्रावणाने काढलेला. कॅन्सर पेशींचा मी साध्या कॉलम किटने काढला होता. अशा कॉलमवर २०० न्यूक्लिओटाइडांहून छोटे तुकडे नीट धरले जात नाहीत, धुण्यातच वाहून जातात. माझा मिर-१६ वेस्ट ट्यूबमध्ये होता. आणि नॉर्मलायझेशन (आकडे तुलनेसाठी एका पायावर आणणं) मी १८एसवर केलं होतं. तो मोठा, कॉलमवर टिकणारा, त्यामुळे चूक आकड्यांत दिसलीच नाही. चार महिने गेले. खूप वाईट वाटलं.

म्हणून सांगते, जेल सुंदर आला म्हणजे मायक्रोआरएनए शाबूत आहे असं समजू नका. त्या पट्ट्यांत तो दिसतच नाही. किट घेताना ‘स्मॉल आरएनए राखतं का’ हे मॅन्युअलमध्ये स्वतः वाचा. लायसिस (पेशी फोडणं) झाल्या झाल्या सेल-मिर-३९ हा मायक्रोआरएनए ठरलेल्या प्रमाणात घाला. तो सी. एलेगन्स या कृमीचा, माणसात नसतो, त्यामुळे वाटेत किती गळालं ते लगेच कळतं. (पहिला मायक्रोआरएनए, लिन-४, याच कृमीत सापडला, १९९३ मध्ये, त्या शोधाला २०२४ चं नोबेल मिळालं.) आणि परिणाम माफक दिसला तर खट्टू होऊ नका. एक मायक्रोआरएनए बहुतेक वेळा जीन बंद पाडत नाही, त्याचा आवाज थोडा कमी करतो, आणि तोही एकाच वेळी अनेक जीन्सचा. माफक आकडा खरा असण्याची शक्यता जास्त; ३२ पट दिसलं तर आधी ट्यूब तपासा.

आमच्याकडे नवीन कोणी आलं की पहिल्या आठवड्यात एकाच फ्लास्कमधल्या पेशी दोन भागांत वाटून देते. अर्ध्यांचा आरएनए ट्रायझॉलने, अर्ध्यांचा साध्या कॉलमने, आणि दोन्हींत मिर-१६ मोजायचा. संध्याकाळी स्क्रीनवर दोन रेषा एकमेकींपासून लांब उमटतात, आणि मग मला फारसं काही सांगावं लागत नाही.