अमीबाचा संसर्ग: नमुना कसा द्यावा, कोणती तपासणी करावी आणि अहवाल कसा वाचावा

शौचाच्या तपासणीच्या अहवालात ‘अमीबा आढळला’ असे लिहिलेले असले, तरी निदान तेथे पूर्ण होत नाही. आणि ‘अमीबा आढळला नाही’ असे लिहिलेले असले, तरी अमीबाचा आजार नाही असे त्यावरून ठरत नाही. केवळ या वाक्यांवर विसंबल्यामुळे काही रुग्ण गरज नसलेली औषधे पुन्हा पुन्हा घेत राहतात, तर काहींना जे औषध तातडीने हवे असते ते मिळण्यास उशीर होतो. त्यामुळे कोणती तपासणी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, हे रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना ठाऊक असणे फार उपयोगाचे ठरते.

मोठ्या आतड्याला जखमा करणाऱ्या अमीबाचे नाव एन्टामीबा हिस्टोलिटिका असे आहे. फ्योदोर लोश यांनी १८७५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे, आव पडणाऱ्या एका रुग्णाच्या शौचात हा जीव पाहिला. त्याची दोन रूपे असतात. सिस्ट म्हणजे कठीण आवरणातला, साधारण १० ते २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाराचा गोल कोष. तो शरीराबाहेर बरेच दिवस टिकतो आणि दूषित पाणी, अन्न किंवा हात यांच्यामार्फत दुसऱ्याच्या पोटात जातो. ट्रोफोझोइट हे हालचाल करणारे, आतड्याच्या अस्तरात शिरणारे रूप; ते शरीराबाहेर आले की थोड्याच वेळात मरते. घट्ट शौचात बहुधा सिस्ट सापडतात, तर पातळ, रक्ताळलेल्या शौचात ट्रोफोझोइट सापडण्याची शक्यता अधिक असते. नमुन्याविषयीचे बहुतेक नियम या एका फरकातून आले आहेत.

नमुना देताना

पातळ शौचाचा नमुना अर्ध्या तासाच्या आत सूक्ष्मदर्शकाखाली गेला पाहिजे. म्हणून आव किंवा जुलाब होत असतील, तर शक्य असल्यास नमुना प्रयोगशाळेतच द्यावा. घरून सकाळी घेतलेला आणि दुपारी पोहोचवलेला पातळ नमुना या तपासणीसाठी जवळजवळ निरुपयोगी असतो. वेळेत पोहोचणे शक्य नसेल, तर प्रयोगशाळेकडून नमुना टिकवणारे द्रावण घातलेली डबी आधीच मागून घ्यावी. मात्र फॉर्मालिनसारख्या द्रावणात ठेवलेला नमुना पुढे अँटिजेन (अमीबाची प्रथिने शोधणारी) किंवा पीसीआर (अमीबाचा डीएनए शोधणारी) तपासणीला सहसा चालत नाही, त्यामुळे नेमक्या कोणत्या तपासण्या होणार आहेत हे डबी घेतानाच विचारावे. घट्ट शौचाला इतकी घाई नसते; तो नमुना काही तास थंड जागी ठेवला तरी सिस्ट ओळखता येतात.

नमुना कोरड्या, स्वच्छ, रुंद तोंडाच्या डबीत घ्यावा आणि त्यात लघवी किंवा संडासातले पाणी मिसळू देऊ नये, कारण दोन्हींमुळे ट्रोफोझोइट नष्ट होतात. आव किंवा रक्त दिसत असेल, तर नेमका तोच भाग डबीत यायला हवा. प्रतिजैविके, आम्लपित्तावरील औषधे, बिस्मथयुक्त औषधे आणि एक्स-रेसाठी दिले जाणारे बेरियम यांमुळे परोपजीवी काही काळ दिसेनासे होतात, म्हणून नमुना ही औषधे सुरू होण्यापूर्वी द्यावा. ती आधीच घेतली असतील, तर तसे डॉक्टरांना न विसरता सांगावे. अमीबा रोज सारख्या प्रमाणात बाहेर पडत नाही. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाने तपासणी करायची असेल, तर वेगवेगळ्या दिवशीचे किमान तीन नमुने द्यावे लागतात. एकाच नमुन्यावर थांबू नये, असा माझा आग्रह आहे.

‘अमीबा आढळला’ याचा अर्थ

एन्टामीबा डिस्पार नावाचा आणखी एक अमीबा आहे. त्याचे सिस्ट हिस्टोलिटिकाच्या सिस्टसारखेच दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली दोघांत फरक करता येत नाही. मात्र डिस्पार निरुपद्रवी असतो आणि त्याच्यावर उपचार करण्याची गरज नसते. एमिल ब्रुम्प्त यांनी १९२५ मध्येच या दोन वेगळ्या जाती असल्याचे मांडले होते, पण ही विभागणी औपचारिकपणे मान्य व्हायला १९९३ साल उजाडले. म्हणून काळजीपूर्वक लिहिलेल्या अहवालात ‘हिस्टोलिटिका किंवा डिस्पार’ असा उल्लेख असतो. ट्रोफोझोइटच्या पोटात गिळलेल्या तांबड्या रक्तपेशी दिसल्या, तर मात्र संशय ठामपणे हिस्टोलिटिकाकडे वळतो. अहवालात एन्टामीबा कोलाय किंवा एन्डोलिमॅक्स नाना ही नावे असतील, तर हे जीव आतड्यात राहतात पण आजार करत नाहीत. शिवाय आतड्याला सूज असताना शौचात येणाऱ्या मोठ्या पांढऱ्या पेशी नवख्या डोळ्यांना अमीबासारख्या दिसतात, आणि अनेक चुकीचे अहवाल यातूनच तयार होतात.

दोन्ही जातींत फरक करायचा असेल, तर शौचातील अँटिजेनची तपासणी किंवा पीसीआर करावी लागते. अँटिजेनची तपासणी निवडताना ती खास हिस्टोलिटिकासाठीच आहे का, हे विचारून घ्यावे, कारण काही संच दोन्ही जातींना एकच निकाल देतात. पीसीआर सर्वांत नेमकी आहे. ती उपलब्ध असेल तर तिला प्राधान्य द्यावे.

रक्तातील प्रतिपिंडांची, म्हणजे जंतूविरुद्ध शरीर तयार करते त्या प्रथिनांची, तपासणी वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते: हा अमीबा शरीराच्या ऊतींमध्ये कधी शिरला होता का? प्रतिपिंडे बरे झाल्यावरही अनेक वर्षे रक्तात राहू शकतात. त्यामुळे जेथे हा संसर्ग नेहमीचा आहे, तेथील रहिवाशांत ‘पॉझिटिव्ह’ निकाल जुन्या संसर्गाचाही असू शकतो. जेथे तो विरळा आहे, तेथे त्याच निकालाला बरेच वजन असते.

यकृतातील गळू

ताप, उजव्या बरगडीखाली दुखणे, कधी उजव्या खांद्यापर्यंत जाणारी कळ आणि वजन घटणे अशी लक्षणे दिसली, तर यकृतात अमीबाचे गळू झाले असण्याचा विचार करावा. प्रौढ पुरुषांत ते स्त्रियांपेक्षा कितीतरी पटींनी अधिक आढळते. निदान चुकण्याचे मोठे कारण असे, की यातील अनेक रुग्णांना त्या वेळी जुलाब होत नसतात आणि त्यांच्या शौचात अमीबा सापडतही नाही. म्हणून शौचाचा ‘निगेटिव्ह’ अहवाल दाखवून ही शक्यता बाजूला सारू नये. येथे आधी सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करावे आणि त्याला प्रतिपिंडांच्या तपासणीची जोड द्यावी. गळू झालेल्या दहांपैकी नऊहून अधिक रुग्णांत ती पॉझिटिव्ह येते. फक्त आजाराच्या पहिल्या आठवड्यात ती निगेटिव्ह असू शकते, म्हणून संशय कायम असेल तर काही दिवसांनी ती पुन्हा करावी.

प्रत्येक गळवातून सुईने पू काढावाच लागतो असे नाही. औषधाने तीन ते पाच दिवसांत ताप व वेदना कमी झाल्या नाहीत, गळू फुटण्याचा धोका दिसला किंवा ते यकृताच्या डाव्या भागात असले, तर डॉक्टर तसा निर्णय घेतात. काढलेला पू तपकिरी, दाट आणि बहुधा दुर्गंधीरहित असतो. त्यात अमीबा अनेकदा दिसत नाही, कारण तो गळवाच्या मधल्या भागात नसून भिंतीलगत असतो. उपचारानंतर सोनोग्राफीत ती पोकळी कित्येक महिने दिसत राहते. रुग्णाला बरे वाटत असेल, तर केवळ तेवढ्यावरून औषध पुन्हा सुरू करण्याचे कारण नाही.

आतड्याच्या इतर आजारांशी गल्लत

रक्त पडणारे जुलाब आठवडेच्या आठवडे चालू असतील, तर कोलोनोस्कोपी (कॅमेरा असलेल्या नळीने मोठे आतडे आतून पाहणे) करून जखमेच्या कडेचा तुकडा तपासणीला पाठवला जातो. अमीबाच्या जखमा आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज व जखमा होणारा, संसर्गाने न होणारा आजार) यांत डोळ्यांनी फरक करणे कठीण असते. हा फरक जिवावर बेतू शकतो, कारण कोलायटिससाठी दिलेल्या स्टिरॉइडमुळे अमीबाचा संसर्ग झपाट्याने बळावतो आणि आतडे फाटण्यापर्यंत वेळ येते. स्टिरॉइड सुरू करण्यापूर्वी ‘अमीबा नाही याची खात्री झाली आहे का?’ असे रुग्णाने स्पष्टपणे विचारावे. डॉक्टरांना त्यात वावगे वाटण्यासारखे काही नाही. १९३३ मध्ये शिकागो येथे हॉटेलांच्या पाण्यात सांडपाणी मिसळून अमीबाची मोठी साथ पसरली, तेव्हा पाहुणे आपापल्या गावी परतल्यावर आजारी पडले आणि काहींचे दुखणे ॲपेंडिक्सचे समजले गेले. संसर्ग आणि लक्षणे यांत साधारण दोन ते चार आठवड्यांचे, कधी त्याहून जास्त अंतर असते, म्हणून मागील काही महिन्यांतील प्रवासाची माहिती डॉक्टरांना आपणहून द्यावी.

निदान पक्के झाल्यावर औषध दोन टप्प्यांत द्यावे लागते: आधी मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोल, आणि त्यानंतर आतड्याच्या पोकळीतील सिस्टसाठी पॅरोमोमायसिन किंवा डायलोक्झानाइड. बरे वाटू लागल्यामुळे दुसरा टप्पा अनेकदा राहून जातो आणि आजार उलटतो. ज्याला काहीच त्रास नाही, पण ज्याच्या शौचात हिस्टोलिटिका असल्याचे सिद्ध झाले आहे, त्यालाही दुसऱ्या टप्प्याचे औषध दिले जाते.

पाण्यात आणि मातीत राहणारे अमीबा

नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा कोमट गोड्या पाण्यातून नाकावाटे मेंदूत शिरतो. पोहल्यानंतर सुमारे दोन आठवड्यांच्या आत तीव्र डोकेदुखी, ताप, उलट्या आणि मान ताठणे अशी लक्षणे दिसली, तर रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि नाकात पाणी गेल्याचे आधी सांगावे. पाठीच्या कण्यातून काढलेला द्रव ताजा असतानाच सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो, आणि तो फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण थंडीने अमीबाची हालचाल मंदावते व तो पांढऱ्या पेशींत हरवून जातो.

अकँथअमीबा डोळ्याच्या बुबुळावरील पारदर्शक पडद्याला संसर्ग करतो, आणि तो प्रामुख्याने कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांत दिसतो. डोळ्यात दिसणाऱ्या बदलांच्या मानाने वेदना फार जास्त असणे, ही त्याची खूण आहे. सुरुवातीला तो हर्पिसचा संसर्ग समजला जातो. त्या पडद्याचा खरवडा घेऊन त्याची कल्चर (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहणे) किंवा पीसीआर तपासणी करतात. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना लेन्स, तिची डबी आणि लेन्सचे द्रावण न धुता, न फेकता सोबत न्यावे, कारण त्यांचीही तपासणी करता येते.