नामांतराची केस स्टडी शिकवताय? या चुका टाळा

संघर्ष निराकरणाच्या तासाला केस स्टडी म्हणून हमखास उत्तर आयर्लंड नाहीतर दक्षिण आफ्रिका निघते. त्यात गैर काही नाही. पण मराठी वर्गासाठी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराइतकं, म्हणजे त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याच्या वादाइतकं बोलकं उदाहरण शोधून सापडणार नाही, आणि घोळही तेच शिकवताना जास्त होतो.

शेवट आधीच फोडणं. तास सुरू होताच फळ्यावर दोन तारखा पडतात: 27 जुलै 1978, नामांतराचा विधिमंडळाचा ठराव; 14 जानेवारी 1994, नामविस्तार, म्हणजे जुन्या नावाला नवं नाव जोडणं. उत्तर समोर असलं की मुलं विचार करत नाहीत, ते उत्तर कसं बरोबर होतं एवढंच सांगत बसतात. म्हणून गोष्ट जुलै 1978च्या अखेरीस थांबवा. ठराव दोन्ही सभागृहांत मंजूर झालाय. मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या जाताहेत. मुख्यमंत्री शरद पवार सत्तेवर येऊन पंधरवडाही झालेला नाही. आता ठराव अमलात आणायचा की थांबवायचा? थांबवला तर जाळपोळ करणारे त्यातून काय शिकतील? इथे वर्ग जागा होतो. 1994चा कागद पुढच्या तासाला काढा.

भांडण पाटीचं आहे असं समजणं. खेड्यातल्या शेतमजुराचा विद्यापीठाच्या नावाशी रोजचा संबंध तो काय? मग घर त्याचंच का जळलं? हा प्रश्न विचारून गप्प बसा. हळूहळू जमीन, मजुरी, नाकारलेली गावकीची (जातीने लादलेली) कामं, राखीव जागांवरची नोकरी असं एकेक बाहेर येतं. 'मागतात काय', 'कशासाठी' आणि 'भीती कसली' असे तीन रकाने आखून दिले की काम सोपं होतं.

'दोघांचंही थोडं थोडं चुकलं.' माझ्या मते सगळ्यात घातक चूक हीच. शांततेचा विषय म्हणून शिक्षकाला समतोल दाखवायची घाई असते. पण विरोधकांची प्रादेशिक अस्मिता समजून घेणं वेगळं आणि वस्ती जाळणाऱ्याला वाद घालणाऱ्याच्या रांगेत बसवणं वेगळं. ज्याचं घर जळलं त्याने नेमकी कोणती तडजोड करायची होती, हे मुलांना एकदा लिहून काढायला सांगा.

चिठ्ठ्या टाकून भूमिका वाटणं. आडनावावरून कोण कुठला हे वर्गाला ठाऊक असतं. हल्लेखोर आणि पीडित या भूमिका कुणालाच देऊ नका. तहसीलदार, वार्ताहर, कुलगुरू, आमदार एवढ्यांत भागतं. वाद आजच्या आरक्षणावर घसरला, आणि तो घसरतोच, तर फळ्यावरच्या सालाकडे बोट दाखवा: "1978मध्ये उभं राहून बोला." तरीही आवाज चढत राहिले तर सगळ्यांना दहा मिनिटं लिहायला लावा.

करार झाला, धडा संपला. 1994मध्ये बाबासाहेबांचं नाव आलं आणि 'मराठवाडा' हा शब्दही राहिला. त्याच वर्षी नांदेडला वेगळं विद्यापीठ झालं, त्याच्याही नावात मराठवाडा आहे. तोडगा चलाखीचा खरा. पण मधल्या सोळा वर्षांची किंमत कुणी मोजली? उत्तर आयर्लंड आणायचंच तर ते इथे आणा. सत्तावाटपाचा सनिंगडेल करार 1973चा, तो काही महिन्यांत कोसळला. तशाच कल्पना असलेला गुड फ्रायडे करार झाला 10 एप्रिल 1998ला. बेलफास्टमधल्या कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन समाजांना वेगळ्या ठेवणाऱ्या भिंती त्यानंतरही उभ्याच राहिल्या.

वर्गातल्या गटांना तोडगा विचारला की प्रत्येक गट म्हणतो, 'समिती नेमावी'. हे आळशी उत्तर आहे. समितीत कोण, बोलावलं तरी कोण येणार नाही आणि निर्णय मोडला तर पुढे काय, हे विचारा. ताडून बघायला 2007 साली सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम घ्या. बांधाचं भांडण ग्रामसभेने निवडलेल्या समितीपुढे मिटू शकतं. अॅट्रॉसिटीचा गुन्हा तिथे आपसांत मिटवायचा नसतो, तो पोलीस ठाण्यात आणि कोर्टातच जायला हवा. हा फरक गटांच्या तोंडून निघेपर्यंत पुढे सरकू नका.