वर्षभराच्या परदेशवास्तव्याची पूर्वतयारी

परदेशात वर्षभर राहायला निघालेल्या माणसाची तयारी बहुधा नवी बॅग घेण्यापासून सुरू होते आणि क्रम तिथेच चुकतो. बॅग भरायला चार दिवस पुरतात. परंतु एखाद्या दाखल्यावर योग्य तो शिक्का मिळवायला, लसीचे सगळे डोस पूर्ण व्हायला किंवा बँकेच्या नोंदीतील मोबाइल क्रमांक बदलून घ्यायला कधी आठवडे, तर कधी महिने लागतात. म्हणून प्रत्येक कामाला आणि प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न लावावा : हे तिथे पोहोचल्यावर करता येईल का, किंवा मिळेल का? ज्याचे उत्तर नकारार्थी येते, ते काम यादीत सर्वांत वर जाते. असे केल्यास लवकरच लक्षात येते, की यादीच्या वरच्या टोकाला जवळजवळ सगळे कागदच आहेत आणि ज्या वस्तूंची आपल्याला सर्वाधिक काळजी वाटत होती, त्या तळाशी गेल्या आहेत.

कागदपत्रे

पहिले पाहायचे ते पासपोर्टची मुदत. अनेक देशांना प्रवेशाच्या वेळी पासपोर्ट किमान सहा महिने वैध असावा लागतो. शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसांतील सीमातपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांच्या गटात, अल्पकालीन भेटीसाठी परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैधता आणि गेल्या दहा वर्षांत दिलेला पासपोर्ट, अशी अट आहे. वर्षभर राहणाऱ्याने या किमान अटींवर समाधान मानू नये. निवास परवाना बहुतेक ठिकाणी पासपोर्टच्या मुदतीपलीकडचा दिला जात नाही, त्यामुळे मुक्कामाच्या मध्येच मुदत संपणार असेल तर व्हिसाचा अर्ज करण्यापूर्वीच नवा पासपोर्ट काढून घेणे शहाणपणाचे ठरते.

त्यानंतर जन्मदाखला, विवाह प्रमाणपत्र, पदवी आणि गुणपत्रके. परदेशी कार्यालयांना ही कागदपत्रे मूळ स्वरूपात पुरेशी वाटत नाहीत. ती खरी असल्याची सरकारी खातरजमा लागते. 1961 च्या हेग कराराचे सदस्य असलेल्या देशांमध्ये यासाठी ‘अपोस्टिल’ हा एकच शिक्का चालतो. दोहोंपैकी एक देश सदस्य नसेल, तर आधी आपल्या परराष्ट्र खात्याकडून आणि मग त्या देशाच्या दूतावासाकडून असे दुहेरी साक्षांकन करावे लागते आणि त्याला स्वाभाविकच अधिक वेळ जातो. येथे कामांचा क्रम महत्त्वाचा आहे : आधी शिक्का, नंतर भाषांतर. शिक्क्यावरील मजकूरही भाषांतरात यावा लागतो, म्हणून घाईने आधी करून घेतलेले भाषांतर पुष्कळदा वाया जाते. काही देश तर त्यांच्याच देशातील शपथबद्ध अनुवादकाचे भाषांतर ग्राह्य धरतात. अशा वेळी ते काम पोहोचल्यावरच करावे. पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र मात्र फार लवकर काढू नये, कारण ते ठरावीक महिन्यांपेक्षा जुने असल्यास नाकारले जाते.

सर्व कागदांवरील नाव एकमेकांशेजारी ठेवून अक्षरन् अक्षर तपासावे. पदवीवर वडिलांचे नाव आहे, पासपोर्टवर नाही. विवाहानंतरचे आडनाव एका ठिकाणी आहे, दुसरीकडे नाही. असे फरक मायदेशात कोणी मनावर घेत नाही, परंतु परक्या देशातील कारकुनाच्या दृष्टीने ती दोन वेगळी माणसे असतात. दुरुस्ती शक्य नसेल, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र सोबत घ्यावे.

वाहन चालवायचे असेल, तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना ज्या देशाने मूळ परवाना दिला तिथूनच मिळतो. रस्ते वाहतुकीविषयीच्या 1949 च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला परवाना एक वर्ष चालतो. 1968 च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेला अधिकाधिक तीन वर्षे. जपान केवळ 1949 च्या नमुन्यातील परवाना मान्य करतो, तर चीनच्या मुख्य भूमीवर दोन्हींपैकी कोणताच चालत नाही. शिवाय पुष्कळ देशांत रहिवासी म्हणून नोंद झाल्यावर काही काळाने स्थानिक परवाना सक्तीचा होतो, हे आधीच पाहून ठेवावे. मूळ परवाना कोणत्याही परिस्थितीत जवळ हवा. आंतरराष्ट्रीय परवाना हा केवळ त्याचा अनुवाद असतो.

मागे राहणाऱ्या मालमत्तेसाठी, बँकेच्या कामांसाठी आणि कर विवरणपत्रासाठी विश्वासातील एका व्यक्तीच्या नावे मर्यादित अधिकारांचे मुखत्यारपत्र निघण्यापूर्वीच करावे. तेच काम परदेशातून करायचे म्हटले, तर वकिलातीची वेळ मिळवण्यापासून कागद टपालाने पाठवण्यापर्यंत बराच काळ खर्ची पडतो. कराच्या बाबतीत एवढे लक्षात ठेवावे, की अनेक देश वर्षात 183 दिवसांचा मुक्काम ही करनिवासाची, म्हणजे कराच्या दृष्टीने माणूस त्या देशाचा रहिवासी ठरतो का याची, एक कसोटी मानतात. दोन्ही देशांत दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे का, हे प्रस्थानाची तारीख निश्चित करण्यापूर्वी जाणकाराला विचारावे. कधी कधी निघण्याची तारीख थोडी मागेपुढे केल्यानेही फरक पडतो.

फोन आणि पैसा

आजच्या काळात परदेशात माणसाची सर्वाधिक अडवणूक करते ती वस्तू म्हणजे मायदेशातील सिमकार्ड. बँक, सरकारी संकेतस्थळे, ई-मेल, विमा अशा सर्वांचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. परदेशात उतरताच स्थानिक सिम घालून जुने खणात टाकणारा माणूस काही दिवसांतच स्वतःच्या खात्याच्या दाराबाहेर उभा राहतो. जुना क्रमांक सर्वांत स्वस्त योजनेवर चालू ठेवावा, आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्यापूर्वीच सुरू करून घ्यावे आणि वर्षभर रिचार्ज कोण करणार हे ठरवावे. न वापरलेला क्रमांक काही काळानंतर बंद होतो आणि पुढे तो दुसऱ्याच ग्राहकाला दिला जाऊ शकतो. जिथे शक्य असेल तिथे ओटीपीऐवजी ऑथेंटिकेटर ॲप (फोनवरच लॉगिनचे कोड तयार करणारे ॲप) वापरावे, मात्र त्यासोबत मिळणारे राखीव कोड कागदावर छापून फोनपासून दूर ठेवावेत. फोन हरवला तर ॲप आणि सिम दोन्ही एकदमच जातात. हँडसेट कोणत्याही एका कंपनीच्या नेटवर्कला बांधलेला नसावा आणि त्यात दोन सिमची किंवा ई-सिमची सोय असावी.

बँक कार्डांच्या मुदती आताच पाहाव्यात. वर्षाच्या मध्ये मुदत संपणारे कार्ड आधीच बदलून घ्यावे, कारण नवे कार्ड बहुधा नोंदणीकृत पत्त्यावरच पाठवले जाते. दोन वेगवेगळ्या बँकांची दोन कार्डे घ्यावीत आणि ती एकाच पाकिटात ठेवू नयेत. एटीएम किंवा दुकानातील यंत्र ‘तुमच्या चलनात रक्कम आकारू का?’ असे विचारते, तेव्हा स्थानिक चलन निवडावे. विनिमय दर यंत्राच्या मालकावर सोडला, तर तो जवळजवळ नेहमीच महाग पडतो.

पहिल्या दोन महिन्यांचा खर्च हाताशी हवा. तो अंदाजापेक्षा मोठा निघतो, कारण घराची अनामत, पहिले भाडे आणि घरगुती सामान हे सर्व पगार सुरू होण्याआधीच द्यावे लागते. जर्मनीत कायद्यानुसार अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत असू शकते. शिवाय एक चक्र ठरलेले असते : बँक पत्त्याचा पुरावा मागते आणि घरमालक बँक खाते मागतो. ते सहसा पत्त्याच्या सरकारी नोंदणीने सुटते. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत आणि जपानमध्ये पत्ता निश्चित झाल्यापासून 14 दिवसांत ही नोंदणी करावी लागते. म्हणून सुरुवातीच्या तात्पुरत्या निवासाचे आरक्षण करताना तिथे पत्ता नोंदवता येतो का, हे लेखी विचारून घ्यावे.

प्रकृती

प्रवासाआधी निदान सहा ते आठ आठवडे डॉक्टरांना भेटावे. लशींचे वेळापत्रक पाहता त्याहूनही आधी भेटणे उत्तम. हेपॅटायटिस-बी लशीचे तीन डोस नेहमीच्या क्रमाने घेतल्यास सहा महिने लागतात. पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होते. 2016 पासून ते आयुष्यभर चालते, त्यामुळे जुने प्रमाणपत्र असेल तर ते शोधून काढावे. दात आणि डोळे तपासून घ्यावेत, कारण पुष्कळ आरोग्य विम्यांत नेमके हेच दोन अवयव वगळलेले असतात. चष्म्याची एक जादा जोडी आणि नंबराचा कागद सोबत असावा.

नियमित औषधांबाबत चिठ्ठीवर व्यापारी नावाऐवजी मूळ रासायनिक नाव लिहून घ्यावे. त्यातही नावे बदलतात : पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटॅमिनोफेन होते आणि साल्ब्युटामॉल अल्ब्युटेरॉल होते. याहून गंभीर बाब म्हणजे एका देशात सहज मिळणारे औषध दुसऱ्या देशात बेकायदा असू शकते. जपानमध्ये दहा टक्क्यांपेक्षा अधिक स्यूडोएफेड्रिन असलेले सर्दीचे औषध नेता येत नाही, ॲम्फेटामिनयुक्त औषधांना डॉक्टरांच्या चिठ्ठीनेही परवानगी नाही, आणि चिठ्ठीवरील इतर औषधे एक महिन्याहून अधिक पुरतील एवढी न्यायची असल्यास पूर्वपरवानगी लागते. म्हणजेच वर्षभराचा साठा बॅगेत भरण्याचा विचार बहुतेकांनी सोडून द्यावा. नियमांत बसेल तेवढा साठा मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह केबिन बॅगेत ठेवावा आणि पुढची सोय तेथील डॉक्टरांकडून करावी. प्रवास विमा हा मुळात थोड्या दिवसांच्या प्रवासासाठी असतो. त्यातील सलग प्रवासाची मर्यादा आणि आधीपासूनच्या आजारांविषयीचे कलम बारकाईने वाचावे.

आता बॅग

इकॉनॉमी वर्गात चेक-इन सामानासाठी सर्वसाधारणपणे 23 किलोची एक बॅग मिळते आणि बहुतेक कंपन्या 32 किलोंहून जड नग स्वीकारतच नाहीत. रिकामी बॅगच कित्येकदा चार-पाच किलोंची असते, तेव्हा टणक आणि देखण्या बॅगेचा मोह टाळावा.

कपडे दोन आठवड्यांना पुरतील इतके घ्यावेत. वर्ष 52 आठवड्यांचे असले, तरी धुलाई यंत्र सगळीकडे असते. आपण कोणत्या ऋतूत उतरणार याचा विचार करावा. दक्षिण गोलार्धात जुलैमध्ये हिवाळा असतो. कडक थंडीचा जाड कोट तिथेच घेतलेला बरा, कारण तिथला कोट तिथल्या थंडीसाठी बनवलेला असतो. नेण्याजोगे म्हणजे अंगावर एकावर एक चढवता येणारे पातळ थर. पादत्राणांचे माप नेहमीपेक्षा फार मोठे किंवा फार लहान असेल, तर जोड घरूनच न्यावा.

विजेची उपकरणे नेण्यापूर्वी त्यांच्यावरील बारीक अक्षरे वाचावीत. जपानमध्ये घरगुती वीज 100 व्होल्टची, अमेरिकेत 120 आणि युरोपात 230 व्होल्टची असते. लॅपटॉप व फोनच्या चार्जरवर ‘100–240’ असे छापलेले असते आणि ते सर्वत्र चालतात. केस वाळवण्याचे यंत्र, इस्त्री आणि पाणी तापवण्याची किटली यांवर बहुधा एकच आकडा असतो. ती घरी ठेवावीत. अडॅप्टर केवळ पिनांचा आकार जुळवतो, व्होल्टेज बदलत नाही.

पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही. ती केबिनमध्येच न्यावी लागते आणि 100 वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही. मिलिअँपिअर-अवरच्या आकड्याला 3.7 ने गुणून 1000 ने भागले की वॉट-अवर मिळतात, म्हणजे 20,000 ची पॉवर बँक 74 वॉट-अवरची ठरते. मूळ कागदपत्रे, औषधे, चार्जर, कपड्यांचा एक जोड आणि दागिने केबिन बॅगेत ठेवावेत. कागदपत्रांच्या छायाप्रती मात्र दुसऱ्या बॅगेत असाव्यात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये बियाणे, लाकडी वस्तू, अगदी माती लागलेले बूटसुद्धा घोषित करावे लागतात, म्हणून बूट घासूनच भरावेत.

बॅग बंद करण्यापूर्वी आतील सामानाचे छायाचित्र काढावे. आंतरराष्ट्रीय विमान प्रवासाविषयीच्या 1999 च्या माँट्रियल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून सात दिवसांत आणि बॅग उशिरा मिळाल्यास ती हाती आल्यापासून 21 दिवसांत करावी लागते. विमानतळावरील खिडकीवर तोंडी सांगून निघून आलेल्या प्रवाशाच्या हाती पुढे काही लागत नाही.

मागे राहणाऱ्या घराचा विमा असेल, तर ते दीर्घकाळ रिकामे राहणार असल्याचे कंपनीला कळवावे; अनेक पॉलिसींत रिकाम्या घराचे संरक्षण काही आठवड्यांनंतर आटते. पाण्याचा मुख्य कॉक व गॅस बंद करावा, फ्रिज रिकामा करून दार उघडे ठेवावे आणि किल्ली ज्याच्याकडे देणार, त्याच्याकडेच मुखत्यारपत्राची प्रतही द्यावी.

परतीच्या तिकिटाचा प्रश्न शेवटी उरतो. विमान कंपन्या साधारण अकरा-बारा महिने आधीच आरक्षण खुले करतात, त्यामुळे बरोबर वर्षानंतरची तारीख निघताना मिळेलच असे नाही. व्हिसासाठी परतीचे तिकीट दाखवणे आवश्यक असेल, तर तारीख बदलता येणारे तिकीट घ्यावे आणि बदलाची मुदत प्रवासाच्या तारखेपासून मोजली जाते की तिकीट काढल्याच्या तारखेपासून, हे पैसे भरण्यापूर्वी नियमावलीत पाहून घ्यावे.