शाळेचा ‘फ्री लंच’ आकडा बघून घर ठरवताय? थांबा जरा

अमेरिकेत घर शोधायला लागलं की आपली मंडळी आधी शाळेचं रेटिंग उघडतात, आणि तिथेच खाली ‘फ्री ऑर रिड्यूस्ड लंच ६२ टक्के’ दिसलं की ‘नको रे बाबा, गरीब वस्ती दिसतेय’ म्हणून मोकळे. माझ्या मावसबहिणीने या एका आकड्यावर दोन चांगली घरं सोडली. आता आकडा खोटा नसतो, पण तो गरिबी मोजत नाही, सवलतीच्या जेवणाला किती मुलं पात्र ठरली तेवढंच मोजतो, आणि घोळ तिथेच आहे.

आधी मर्यादा समजून घ्या. दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असेल तर जेवण फुकट, १८५ पर्यंत असेल तर जास्तीत जास्त ४० सेंट. २०२४-२५ ला चौघांच्या घरासाठी हे वर्षाला ४०,५६० आणि ५७,७२० डॉलर होतं. अलास्का-हवाई सोडून सगळीकडे तेच! म्हणजे मिसिसिपीतल्या एखाद्या गावात ५५ हजारात घर नीट चालतं आणि सवलतही मिळते, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या महागड्या बे एरियात ६० हजारवाला भाडं भरून रडकुंडीला आलेला असतो तरी तो यादीत नाही.

मग बघा शाळा ‘सीईपी’मध्ये आहे का, म्हणजे कम्युनिटी एलिजिबिलिटी प्रोव्हिजन. हे सगळ्यात महत्त्वाचं. अशा शाळेत सवलतीसाठी उत्पन्नाचा फॉर्मच नसतो, सगळ्यांनाच फुकट. समजा ५०० मुलं आहेत, त्यातली २०० फूड स्टॅम्प (गरिबांना धान्य-किराण्यासाठी सरकारी मदत) वगैरेंच्या सरकारी यादीतून आपोआप सापडली, तर झाले ४० टक्के. सरकार पैसे देताना त्याला १.६ ने गुणतं, म्हणजे ६४. आणि काही राज्यं सरळ १०० लिहून टाकतात. शाळा एकच, मुलं तीच, आकडे तीन! त्यात २०२३ मध्ये सीईपीत येण्यासाठी अशी आपोआप सापडलेली मुलं किती हवीत ही अट ४० वरून २५ टक्क्यांवर आणली, त्यामुळे बऱ्यापैकी सुस्थितीतल्या शाळाही आत येऊ शकतात.

जुना आकडा असेल तर वर्ष बघा, कोविडमध्ये सगळ्यांनाच फुकट होतं त्यामुळे फॉर्म कोण भरतंय. कॅलिफोर्निया, मेनमध्ये तर २०२२ पासून कायमचंच तसं आहे.

हायस्कूलचा आकडा तर नेहमीच कमी वाटतो. लहान पोरगं दप्तरातला फॉर्म आईच्या हातात आणून देतं, पंधरा वर्षांचं पोरगं तो बॅगेच्या तळाशी चुरगळून ठेवतं, मित्रांना कळायला नको म्हणून. त्यामुळे हायस्कूलची तुलना प्रायमरीशी करूच नका.

मग बघायचं काय? तो गुणाकाराआधीचा आकडा, ‘आयडेंटिफाइड स्टुडंट पर्सेंटेज’. दरवर्षी १ मे पर्यंत प्रत्येक राज्याला सीईपीची यादी जाहीर करावी लागते, त्यात तो सापडतो. शेजारच्या दोन-तीन शाळांचा त्याच वर्षाचा तोच आकडा काढा आणि शेजारी शेजारी ठेवून बघा, पण एकाच राज्यातल्या हां.